परक्याचे लेकरू : शरणपूर, पुणे आणि पंढरपूर

शरणपूर रस्ता आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही असे नाही. कचेरीला जाताना, दवाखान्यात जाताना, मुलांना शाळेत पोहोचविताना आपण त्या रस्त्याने जातो. परंतु ‘शरणपूर’ या नावाचा अर्थ काय, तेथे कोण कोणाला शरण आले, याचा विचार आपण क्वचितच केला असेल. आजच्या विषयाचा आरंभ मी या नावापासूनच करणार आहे. विषय तसा घरगुती आहे. ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्याचा सांभाळ कोणी करावा आणि तो करणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे, एवढाच आपल्यापुढे प्रश्न आहे. आज कायद्याच्या भाषेत याला प्रतिपालकत्व म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट फार जुनी आहे, आणि तिच्या इतिहासातील एक विलक्षण पान आपल्या नाशकात लिहिले गेले आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ पासून सुरू होते. पुढे १८५४-५५ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाच्या पश्चिमेस एक स्वतंत्र वसाहत उभी केली. धर्मांतरामुळे ज्यांना घरादाराला मुकावे लागले अशी माणसे आणि पोरकी मुले यांना आसरा मिळावा म्हणून तिचे नाव शरणपूर ठेवण्यात आले. तेथे शाळा होती, सुतारकामाचे आणि लोहारकामाचे शिक्षण होते, प्रार्थनामंदिर होते.

याच शरणपुरात १८६० च्या सुमारास काही वेगळीच मुले येऊन दाखल झाली. ती आफ्रिकेची होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून अरबस्तानाकडे विकावयास नेणारी गलबते त्या काळी समुद्रावर फिरत असत, आणि ब्रिटिश आरमार ती गलबते अडवून गुलामांची सुटका करीत असे. पण मुक्त झालेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला सोडावयाचे कोठे? त्याचे गाव किनाऱ्यापासून शेकडो मैल आत असावयाचे. ते गाव जळाले आहे की उभे आहे, आईबाप जिवंत आहेत की तेही विकले गेले आहेत, हे कोणालाच सांगता येत नसे. अशा मुलांपैकी पुष्कळ मुंबईत उतरविण्यात आली, आणि त्यातील कित्येक नाशकास आली. ज्यांच्या कानांवर मराठीचा शब्द कधी पडला नव्हता ती मुले गोदावरीच्या पाण्यावर वाढू लागली. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना इंग्रजी नावे मिळाली. आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखतात. आपल्या गावाचे नाव तिकडच्या इतिहासग्रंथांत गेले आहे ते या पोरक्या मुलांमुळे.

ही मुले पुढे काय झाली, ते पाहिल्यावाचून त्यांचा सांभाळ कसा झाला हे कळणार नाही.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध प्रवासी मुंबईस आला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे त्याचे चाहते होते. आफ्रिकेच्या अंतर्भागातील शेवटच्या प्रवासासाठी त्याने नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण बरोबर घेतले आणि १८६६ च्या जानेवारीत तो मुंबईहून निघाला. त्या वर्षीचाच एक प्रसंग त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविला आहे. नऊजणांत अब्राहम नावाचा एक मुलगा होता. मटाका नावाच्या सरदाराच्या गावी ही मंडळी पोहोचली तेव्हा पाहावयास जमलेल्या गर्दीत अब्राहमने आपल्या मामाकाकांपैकी एकास ओळखले. त्याच्याकडून त्याला समजले की, आपण पकडले गेल्यावर आपली आई आणि दोन्ही बहिणी यांनाही व्यापाऱ्यांना विकण्यात आले. त्या नातलगाने त्याला राहण्याचा आग्रह केला, सरदारानेही केला. लिव्हिंग्स्टनने तर संसार मांडण्यापुरते सामान देण्याची तयारी दाखविली. पण मुलगा बधला नाही. जेथे आई नाही आणि बहीण नाही, तेथे राहून मी काय करू, असेच त्याचे एकसारखे उत्तर होते.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. जन्मभूमी परत मिळाली, रक्ताचे नातलग भेटले, पोटापाण्याची सोय होत होती, तरी त्या मुलाला ते घर वाटले नाही. घर म्हणजे माणूस, असे त्याचे म्हणणे होते. पोरक्या मुलाचा विचार करताना आपण प्रथम छप्पर, अन्न आणि शाळा यांची यादी करतो. ती करावयासच हवी. पण अब्राहमने जे मागितले ते या यादीत नाही.

नऊजणांपैकी सारेच टिकले नाहीत. कोणी वाटेत मेले, कोणी साथ सोडून गेले, आणि लिव्हिंग्स्टनने त्यांच्याविषयी कडवट शब्दही लिहिले आहेत. ज्यांच्या बालपणीच मुळे उपटली गेली त्या मुलांनी एकाएकी धीरोदात्त वागावे ही अपेक्षाच जास्त होती, असे आज आपल्याला वाटते. मात्र १८७२ मध्ये नाशिकच्या शाळेत शिकलेल्यांची दुसरी तुकडी त्याच्याकडे गेली. तीत जेकब वेनराइट होता, कॅरस फरार होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता. या वेलिंग्टनचे मूळ नाव चेंगविंबे. बहुतेकांची जन्मनावे काळाच्या उदरात गडप झाली, याचे तेवढे उरले.

१८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले, देह सुकवून बांधून घेतला आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत १८७४ च्या फेब्रुवारीत तो समुद्रकिनाऱ्याला आणून पोहोचविला. चुमा आणि सुसी हे त्यांचे म्होरके होते. पण दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. त्याच्या हातची रोजनिशी आजही जपून ठेवलेली आहे. तो देहाबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत चालला.

शरणपुरात वाढलेल्या मुलांनी याहून मोठे काम केले आहे, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. विल्यम जोन्स हा नाशकात वाढलेला तरुण १८६४ मध्येच सोबत्यांसह मोंबासाजवळच्या रबाई येथे गेला. पुढे त्या ठाण्याचा कारभार त्याच्याकडे आला. मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री त्याच्या दाराशी येत आणि तो त्यांना थारा देई. १८८८ मध्ये मालकांनी त्यांना परत मागितले तेव्हा मोठा पेचप्रसंग उभा राहिला. अखेर मोबदला देऊन अशा शेकडो स्त्रीपुरुषांना मुक्ततेचे कागद देण्यात आले. ज्याला लहानपणी आसरा मिळाला, तोच मोठेपणी इतरांचा आसरा झाला. कोणत्याही बालगृहाला याहून चांगला अहवाल लिहिता येणार नाही.

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शरणपूरने मुलांना जगविले, शिकविले. पण त्यांची नावे बदलली, धर्म बदलला, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याचे निर्णय त्यांना फारसे न विचारता घेतले गेले. १८७४-७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रियर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारण्यासाठी प्राइस स्वतः तिकडे गेला, नाशिकचे अनेक आफ्रिकी तिकडे पाठविण्यात आले आणि येथील तो विभाग बंद झाला. नाशकात जे लहानाचे मोठे झाले त्यांना दुसऱ्यांदा गाव सोडावे लागले. संस्थेचा हेतू उदार असला तरी मूल हे संस्थेच्या हेतूचे साधन होण्याचा धोका असतोच. हा धोका सर्वच धर्मांच्या आणि पंथांच्या संस्थांना आहे, सरकारलाही आहे.

आता आफ्रिकेतून परत महाराष्ट्रात येऊ. शरणपूरच्या मुलांचे आईबाप सापडणे शक्य नव्हते. पण त्याच काळात पुण्यात अशी मुले जन्माला येत होती की ज्यांची आई डोळ्यांसमोर होती आणि तिला आई म्हणवून घेण्याची चोरी होती. बालविधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर किंवा विष असे दोनच मार्ग उरत. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८८४ मध्ये जोतीरावांनी सरकारला दिलेल्या निवेदनात या गृहाची हकीकत आहे. तोवर पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या पस्तीस मुलांपैकी अवघी पाच जिवंत होती. उरलेली तीस दगावली, आणि त्याचे कारणही त्यांनी दिले आहे : गर्भ लपविण्यासाठी आईने आधीच विषारी औषधे घेतलेली असत.

पस्तीसांत पाच! हा आकडा ऐकून मन विषण्ण होते. पण त्यातील अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. मूल जन्मल्यावर त्याला उचलून घेणे पुरेसे नाही. त्याच्या आईच्या मनातील भीती आधी गेली पाहिजे, हे तो आकडा सांगतो. ती भीती समाजाने घातलेली होती, म्हणून ती घालविणे हेही समाजाचेच काम होते. जोतीराव-सावित्रीबाईंनी आईला शरमिंदे न करता दार उघडले. आणि अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने आणि सावित्रीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंनी देह ठेवला. परक्याचे लेकरू घरात आणल्याने कुळाचा दिवा विझतो असे म्हणणाऱ्यांना यशवंताच्या चरित्राने उत्तर दिलेले आहे.

ज्या वर्षी नाशिकची आफ्रिकी मुले फ्रियर टाउनला जात होती त्याच १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या न्यायखात्यातील गृहस्थांनी बालकाश्रम स्थापन केला. विठ्ठलाच्या पायाशी फसविल्या गेलेल्या स्त्रिया येत, आणि चंद्रभागेच्या काठी मुले टाकली जात. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला आणि अनाथांची संख्या वाढली. मुंबईच्या प्रार्थना समाजाने ही संस्था चालविली आणि ती वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. ज्या देवाला आपण माउली म्हणतो त्याच्याच गावी टाकलेल्या मुलांना माउली शोधावी लागली, हे आपण विसरू नये.

या तीन गावांच्या हकीकती एकत्र ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मुलाच्या सांभाळात तीन पक्ष असतात : मूल, त्याचे जन्मदाते आणि सांभाळणारा. शरणपूरने पहिल्याची काळजी वाहिली. पुण्याने दुसऱ्याची वाहिली, आणि तीही जगाचा रोष पत्करून. तिसऱ्याची, म्हणजे सांभाळणाऱ्याची, काळजी मात्र बराच काळ कोणीच वाहिली नाही. ते पुण्यकर्म आहे, त्याला मदत कसली, असे आपण मानीत आलो. आपल्या पुराणांतही देवकीचे दुःख गाइले जाते आणि यशोदेचे वात्सल्य गाइले जाते. पण कृष्ण मथुरेला गेल्यावर यशोदेकडे कोण गेले, हे फारसे कोणी विचारीत नाही. सूताच्या घरी वाढलेल्या कर्णाने मात्र आपल्याला राधेय म्हणवून घेण्यात कधी कमीपणा मानला नाही. सांभाळणाऱ्या आईचा एवढा मान दुसऱ्या कोणी क्वचितच ठेवला असेल.

आजच्या कायद्याने हे तीनही पक्ष ध्यानात घेतले आहेत. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे ४४ वे कलम प्रतिपालकत्वाविषयी आहे. बालकल्याण समिती मुलाला काही काळापुरते दुसऱ्या कुटुंबात ठेवू शकते. भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत, जन्मदात्यांना मुलाला भेटता यावे, परिस्थिती सुधारल्यास मूल त्यांच्याकडे परतावे, आणि सांभाळणाऱ्या कुटुंबास शासनाने मासिक साह्य द्यावे, असे त्यात आहे. दत्तक आणि प्रतिपालन यांतील भेद येथे समजून घेतला पाहिजे. दत्तकात मूल कायमचे आपले होते. प्रतिपालनात ते आपले म्हणून वाढवावयाचे आणि वेळ आल्यास हसतमुखाने परत द्यावयाचे असते. हे अधिक अवघड आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले आणि दरमहा ११०० रुपयांचे साह्य २२५० रुपये झाले. ज्या घरात आजी, मावशी किंवा एकटी आई मुलाला कशीबशी सांभाळते आहे, तेथे हे पैसे गेले तर मूल घरातच राहते, त्याला बालगृहाची पायरी चढावी लागत नाही.

पण कलमाने आणि रुपयांनी सारे होत नाही. आपल्या आळीत एखादी म्हातारी नातवाला वाढविते आहे. तिच्यासाठी कचेरीत एक अर्ज लिहून देणे, त्या मुलाला शाळेच्या वेळेला हाक मारणे, परक्याचे मूल सांभाळणाऱ्या बाईला ‘कोणाचे पाप वाढवतेस’ असे न विचारणे, एवढे आपल्या हाती आहे. आणि ज्या आईला काही काळ मूल दूर ठेवावे लागले तिला दोष देण्याआधी पुण्यातील त्या पस्तीस स्त्रिया आठवाव्यात.

उद्या शरणपूर रस्त्याने जाल तेव्हा अब्राहमचीही आठवण ठेवा. आई नाही, बहीण नाही, तेथे राहू कसा, असे त्या मुलाने म्हटले होते. त्याला मामाकाकांनी जागा दिली, सरदाराने दिली, साहेबाने सामान दिले. त्याला हवे होते ते कोणालाच देता आले नाही. आपल्या गावातल्या एखाद्या मुलाला ते देता येण्यासारखे असेल, तर ते आपण द्यावे.