मत्स्यपेटीसाठी नळाच्या पाण्याचे संस्करण

शोभेच्या माशांना नळाचे पाणी मानवावे म्हणून त्यातील क्लोरीन काढून टाकण्याची प्रक्रिया. नंदुरबार शहराला शिवण नदीवरील विरचक धरणातून पाणी मिळते. शुद्धीकरणात जंतुनाशासाठी क्लोरीन वापरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावा लागतो. माणसाला तो निर्धोक, पण माशांच्या नाजूक कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमी प्रमाणही जाळते. पाणी बदलताच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, ते यामुळेच.

सोपा उपाय म्हणजे रुंद तोंडाच्या बादलीत पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवणे. हवेचा पंप लावल्यास क्लोरीन लवकर उडतो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरतात. छायाचित्रकारांचा जुना ‘हायपो’ तो हाच. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो पुरतो. तो क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइड करतो. क्लोरीनबरोबर अमोनिया मिसळून केलेला क्लोरामाइन मात्र नुसता ठेवून जात नाही.

जिल्ह्यातील खडक मुख्यतः बेसाल्टचा असल्याने बोअरचे पाणी बरेचदा जड असते. त्यात क्लोरीन नसला, तरी ते सर्वच माशांना चालत नाही. गप्पी व मोली यांना मात्र रुचते. उन्हाळ्यात छतावरच्या टाकीतले तापलेले पाणी थेट ओतणे क्लोरीनइतकेच घातक. ते आधी पेटीतील पाण्याच्या तापमानाला येऊ द्यावे. एका वेळी पाव हिश्श्याहून अधिक पाणी बदलू नये.