पीएच.डी. करायची आहे? मग विषय नको, आधी प्रश्न शोधा : दौलताबादच्या हौदापासून संशोधन आराखड्यापर्यंत

पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात निघाली की विद्यार्थ्यांची धावपळ सुरू होते. "सर, एखादा चांगला विषय सुचवा ना," ही विनंती आम्ही नेहमी ऐकतो. या विद्यार्थ्यांमध्ये बरेच जण असे असतात की त्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी पदवीपर्यंतही पोहोचलेले नसते. विषय सुचवणारा भेटतो, जुन्या प्रबंधावरून आराखडा तयार होतो आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते : "यात तुम्ही नवीन काय शोधणार?"

हा लेख त्या एका प्रश्नाची तयारी करण्यासाठी आहे. प्रवेशाचे नियम, आराखड्याचे भाग आणि अधिछात्रवृत्तीची माहिती यात आहेच. पण आमचा मुख्य मुद्दा वेगळा आहे. विषय उसना मिळतो, प्रश्न मिळत नाही. तो स्वतःच शोधावा लागतो, आणि बऱ्याचदा तो आपल्या गावातच पडलेला असतो.

प्रवेशाचे नियम थोडक्यात

सध्या देशभर विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले नियम लागू आहेत. त्यातील कामाच्या बाबी अशा :

- पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेअर), दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेलेही अर्ज करू शकतात.
- कोर्सवर्क धरून किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे, मात्र एकूण काळ दहा वर्षांपेक्षा जास्त होता कामा नये.
- महिला संशोधकांना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते.
- प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.
- एम.फिल. बंद झाले आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने केलेली पीएच.डी. ग्राह्य नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्यासाठी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

२०२४ पासून नेट परीक्षेच्या निकालात तीन गट पडतात : जेआरएफ व सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात आणि निवडीत नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो. विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल, तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. कोणते विद्यापीठ कोणता मार्ग वापरते, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

विषय वेगळा, प्रश्न वेगळा

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सामाजिक विचारांचा चिकित्सक अभ्यास' असा मथळा आपल्या विद्यार्थ्यांच्या अर्जात वारंवार दिसतो. त्यामागची तळमळ खरी असते. पण हा विषय आहे, प्रश्न नाही. याचे उत्तर काय येणार हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असते. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यावर व्याख्यान देता येते, गौरवग्रंथ लिहिता येतो. संशोधन होत नाही.

मग प्रश्न कसा असतो? दौलताबादचे उदाहरण घेऊ.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना सुमारे पंधरा किलोमीटरवर हा किल्ला लागतो. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते दौलताबादला थांबले. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महिना रमजानचा होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाजवळ पाण्याने भरलेला एक हौद होता. काही जणांनी त्यातील पाण्याने हातपाय आणि तोंड धुतले. तेवढ्यात अस्पृश्यांनी हौद बाटवला असा ओरडा झाला आणि जमाव जमला. बाबासाहेबांनी जमावाला उलट प्रश्न केला : तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय? शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत एक शस्त्रधारी शिपाई देण्यात आला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपात काढले आणि महाराष्ट्र शासनाच्या 'राइटिंग्ज अँड स्पीचेस'च्या बाराव्या खंडातही ते आहे. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रसंग भाषणांतून ऐकलेला असतो.

पण त्याच हकिकतीत एक छोटी गोष्ट आहे. गावातील अस्पृश्य कार्यकर्ते पाहुण्यांची वाट पाहत थांबले होते, त्यांनी चहाची तयारी केली होती. अंधार पडण्याआधी किल्ला पाहून घ्यावा म्हणून चहा परतताना घ्यायचे ठरले. जमाव चिडला तेव्हा शिव्या या स्थानिक लोकांनाही खाव्या लागल्या. त्यांची नावे त्या लेखनात नाहीत. बाबासाहेबांची मंडळी पुढे वेरूळला गेली, ही माणसे मात्र गावातच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांचे काय झाले? त्या काळी या गावात कोणी कोणत्या पाणवठ्यावर पाणी भरत होते? हा मज्जाव धर्माचा होता, की धर्म कोणताही असो, गावगाड्यातील जातीच्या जागेचा होता?

हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे आज आपल्यापाशी नाहीत, पण शोधता येतील अशी आहेत. संशोधनाला एवढेच लागते.

आराखड्यात काय लिहायचे?

वरच्या प्रश्नावरच नमुन्यादाखल आराखडा मांडून पाहू. पानांची मर्यादा विद्यापीठाने दिली असेल ती पाळावी, भाग साधारण हेच असतात.

*शीर्षक.* त्यात स्थळ, काळ आणि बाब स्पष्ट हवी. उदाहरणार्थ : 'औरंगाबाद जिल्ह्यातील सार्वजनिक पाणवठे आणि अस्पृश्यांचा हक्क : दौलताबाद परिसराचा विशेष अभ्यास (१९२७–१९४८)'. काळ असाच का, हे सांगता आले पाहिजे. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान संपले. या दोन घटना अभ्यासाच्या दोन कडा आहेत.

*समस्या विधान.* नेमके काय माहीत नाही, ते चार-पाच वाक्यांत. आंबेडकरी चळवळीचे बरेच लेखन मुंबई इलाख्यावर आहे, संस्थानी मराठवाड्यातील पाणवठ्यांचा प्रश्न त्यामानाने मागे राहिला, असे तुमचे म्हणणे असेल तर ते पुढच्या भागात दाखवून द्यावे लागते.

*पूर्वसंशोधनाचा आढावा.* हा पुस्तकांची यादी देण्याचा भाग नाही. कोणी काय सिद्ध केले आणि कुठे थांबले, ते येथे सांगायचे असते. महार चळवळीवर एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध सादर केला, तेथून आजवरच्या कामापर्यंत यावे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तुमच्या विषयाजवळचे किमान दहा प्रबंध तेथे उघडून पाहिल्याशिवाय 'यावर संशोधन झालेले नाही' हे वाक्य लिहू नये.

*उद्दिष्टे.* तीन किंवा चार, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक उद्दिष्ट कामाच्या क्रियापदाने संपावे : नोंदी गोळा करणे, तुलना करणे, तपासणे. 'समाजात जागृती करणे' हे चांगले काम आहे, पण ते प्रबंधाचे उद्दिष्ट नव्हे.

*गृहीतक.* 'दौलताबाद परिसरात पाण्यावरचा मज्जाव धर्मापेक्षा गावगाड्यातील स्थानावर ठरत होता.' हे विधान खोटे ठरू शकते, म्हणूनच ते गृहीतक आहे. खोटे ठरण्याची शक्यताच नसेल, तर ती श्रद्धा किंवा घोषणा होते.

*साधने आणि पद्धती.* आराखड्याचा जीव येथे असतो. कागद कुठे आहेत आणि ते तुम्हाला वाचता येतील का, हे सांगा. आपल्या उदाहरणात १८८४ चे औरंगाबाद गॅझेटियर, १९३१ च्या जनगणनेचा हैदराबाद संस्थानाचा अहवाल, १९७७ चे जिल्हा गॅझेटियर, 'जनता' पत्राचे अंक आणि हैदराबादच्या अभिलेखागारातील दप्तर ही साधने येतील. निजामी कारभार उर्दूतून चालत असे, तेव्हा पहिल्या वर्षी उर्दू वाचायला शिकणार असे लिहावे लागेल. ते लिहिणे कमीपणाचे नाही. उलट समितीला कळते की या विद्यार्थ्याने कामाचा अंदाज घेतला आहे. १९३० च्या दशकातील चळवळीसाठी कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला डिसेंबर १९३८ मध्ये भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने झालेली आणि बाबासाहेब उपस्थित असलेली परिषद जोडून घेता येईल. मौखिक इतिहासासाठी गावातील वृद्धांच्या मुलाखती घ्याव्या लागतील. ज्यांनी १९३४ साल जाणतेपणी पाहिले ते आता भेटणार नाहीत, त्यांनी मुलांना जे सांगितले ते भेटेल. ऐकलेली आठवण आणि पाहिलेली घटना यांत फरक कसा करणार, तेही लिहा. मुलाखतीला संमती घेणार आणि हवे असल्यास नाव गुप्त ठेवणार, हेही नोंदवा.

बाबासाहेबांचे लेखनही येथे साधन म्हणूनच येते. ते प्रसंगानंतर लिहिलेले आहे, म्हणून त्या काळातील इतर नोंदींशी ते ताडून पाहणे हा अनादर नव्हे. संशोधकाचे ते कामच आहे.

*मर्यादा आणि वेळापत्रक.* काय करणार नाही तेही सांगा. सहामाहीवार काम मांडा : कोर्सवर्क, भाषा, अभिलेखागार, गावातील मुलाखती, लेखन. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तेव्हा हे वेळापत्रक कामी येते.

बाबासाहेबांचे प्रबंध काय शिकवतात?

बाबासाहेबांना ब्रिटिश राजवटीत भारताची झालेली आर्थिक अवस्था समजून घ्यायची होती. कोलंबिया विद्यापीठातील पीएच.डी.च्या ग्रंथात त्यांनी एकच धागा धरला : मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातील आर्थिक संबंध, तेही १८३३ ते १९२१ या काळापुरते. 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हा तो ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला त्यांचे मार्गदर्शक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला होता. त्यांनी तो सुधारून दिला आणि १९२३ मध्येच पदवी मिळवली. आराखडा परत आला म्हणून खचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अधिछात्रवृत्ती आणि कागदपत्रे

पैशाची सोय प्रवेशाच्या आधीच पाहावी. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती नेट-जेआरएफच्या गुणवत्तेवर मिळते. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे. राज्यात पुण्याच्या बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. ती वेळेवर आणि पूर्ण मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली आहेत, तेव्हा पहिल्या काही महिन्यांचा खर्च कसा भागेल याचा विचार करून ठेवा. दोन अधिछात्रवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक इशारा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ च्या सूचनांमध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे दौलताबादच्या हौदावर परदेशात संशोधन करायचे म्हटले, तर त्या योजनेतून पैसे नाहीत. अर्जाच्या वर्षीचे नियम वाचा आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही तपासा.

बौद्ध विद्यार्थ्यांनी जातीचा दाखला आधीच पाहून घ्यावा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. पण केंद्राच्या योजनांना केंद्राच्या नमुन्यातील दाखला मागितला जातो. नुसता 'नवबौद्ध' असा उल्लेख असेल तर अडचण येऊ शकते. तहसीलचे काम ऐनवेळी होत नाही.

सावध राहा

पैसे घेऊन आराखडा लिहून देणारे शहरोशहरी आहेत. त्यांच्याकडून घेतलेला आराखडा मुलाखतीत उघडा पडतो, तेथून सुटलात तरी पुढची तीन ते सहा वर्षे दुसऱ्याच्या प्रश्नावर राबावे लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे कारवाई होते. मार्गदर्शक निवडताना ओळखीपेक्षा त्यांचे लेखन पाहा. त्यांचे दोन लेख वाचून, आपला प्रश्न एका पानात लिहून मगच भेटायला जा. बोलणे तेथून सुरू होऊ द्या.

आमची विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना एवढीच विनंती आहे. पुढच्या जाहिरातीची वाट पाहताना एक वही घ्या आणि आपल्या गावाबद्दलचे पाच प्रश्न लिहा, ज्यांचे उत्तर तुम्हाला माहीत नाही आणि कुठल्या पुस्तकातही सापडले नाही. त्यातला एक तरी तीन वर्षे पुरेल असा निघेल. दौलताबादला चहा करून वाट पाहणाऱ्या त्या माणसांची नावे अजून कोणीतरी शोधायची आहेत.