भिवंडी-बंदर व तेथील कोंकणी मुसलमान

(१) 'कल्याण-भिवंडी' हें जोडनांव आमच्या कागदपत्रांत इतक्या वेळां येतें कीं, त्यांतील दुसऱ्या गांवास स्वतःचा इतिहास असेल, हें वाचकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. कल्याणाकडे किल्ला आहे, आणि सुभेदाराच्या सुनेची सर्वतोमुखीं झालेली आख्यायिका आहे. भिवंडीच्या वांट्यास मागून येणाऱ्या नांवाचेंच स्थान उरलें. भिवंडीच्या पेठेंत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या सधन कोंकणी मुसलमान समाजाची गत याहून वेगळी नाहीं. बाहेरून आलेले लोक म्हणून त्यांस इतिहासाच्या समासांत टाकण्याची संवय पडली आहे. ती आमच्या मतें टिकणारी नाहीं.

(२) प्रथम स्थळाचा विचार करूं. भिवंडीहून समुद्र दिसत नाहीं. गांव कामवारी नदीच्या कांठीं. तिचें पाणी उल्हासच्या खाडीस मिळतें, व तेथून वसईच्या बाजूनें समुद्र गांठतां येतो. पाठीशीं भातखाचरांचा मुलूख व लांकडाचीं रानें. म्हणजे येथील संपत्तीचा एक पाय पाण्यांत, तर दुसरा शेतांत. तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत व लांकूड हा भिवंडीचा व्यापार, आणि भात सडणें हा मोठा धंदा, असें इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांवरून दिसतें. परंतु या संपत्तीस एक पेंच होता. वसई इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. कोठार एकाचें, त्याचा दरवाजा दुसऱ्याचा, अशी ही स्थिति.

इ. स. १६५७ त शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली. भिवंडी, कल्याण व पनवेल येथें मराठे लढाऊ जहाजें बांधीत असल्याची चिंता इ. स. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत व्यक्त झाली आहे. दोन वर्षांत जहाजें पाण्यावर लोटण्याची तयारी होते, ती सुतार, लोहार, लांकूड व खाडीचे जाणते हाताशीं असल्यावांचून नव्हे. महाराजांनीं घेतलें तें नुसतें ठाणें नव्हतें, तयार बंदर होतें, असें अनुमान यावरून निघतें.

(३) हा प्रांत ज्याच्याकडून गेला तो विजापूरचा सरदार मुल्ला अहमद स्वतः नवाइत, म्हणजे अरब वंश सांगणाऱ्या किनाऱ्यावरच्या समाजांतला होता. सुनेच्या आख्यायिकेस समकालीन आधार नाहीं. मुल्ला अहमद मात्र ऐतिहासिक पुरुष आहे. तथापि लोकांच्या स्मरणांत राहिली ती आख्यायिका.

या समाजाचें मूळ बरेंच मागें जातें. मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ (इ. स. ९१६) मध्यें सैमूर, म्हणजे चौल, येथें आला. सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथील सुमारें १०,००० मुसलमान तेथें राहत, आणि येथेंच जन्मलेल्यांस निराळें नांव होतें, असें तो लिहितो. चिंचणीच्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटांत संजाणचा राष्ट्रकूट अधिकारी मधुमति हा ताजिक, म्हणजे अरब, आहे. त्यानें दोन नद्यांवर मोफत तरी ठेविल्या, भात, कालवण व तूप देणारें अन्नछत्र घातलें, आणि त्याच्या अनुमतीनें भगवतीच्या मठिकेस जमीन मिळाली. भिवंडीचीं घराणीं याच लोकांचे थेट वंशज होत, असें आम्ही म्हणत नाहीं. किनाऱ्यावर अशा समाजास हजार वर्षांपूर्वीं घर व मान होता, एवढेंच यावरून सिद्ध होतें.

(४) लेखी पुराव्यास जोड देणारा जिवंत पुरावाहि आहे. कोंकणी मुसलमान शाफई पंथाचे. उत्तर हिंदुस्थानांतील बहुसंख्य सुन्नी हनफी. या भेदांतून त्यांचा संबंध खुष्कीपेक्षां समुद्रमार्गाशीं होता असें दिसतें. घरची बोली मराठीचीच एक पोटभाषा, अरबी-फारसी शब्दांनीं भरलेली. आडनांवांत समाजाची रचनाच उमटली आहे: नाखुदा जहाजाचा, काजी व फकीह न्यायाचे, खतीब व मुकरी मशिदीचे. देवघेव एकतर्फी नव्हती. कोळ्यांचा 'नाखवा' हा त्याच नाखुद्याचें मराठी रूप होय.

(५) इ. स. १८५३ त आगगाडी ठाण्यास व १८५४ त कल्याणास पोंचली. भिवंडी बाजूस राहिली. जोडनांवांतील एका गांवास स्थानक मिळालें, दुसऱ्यास खाडी उरली. १८५७ नंतर उत्तरेकडील मोमीन विणकर येथें येऊन वसले. विसाव्या शतकांत हातमागांचे यंत्रमाग झाले. आज भिवंडी म्हटलें कीं माग व गोदामें डोळ्यांपुढें येतात. नव्या कीर्तीनें जुन्या बंदरास झांकून टाकलें, आणि उर्दू बोलणारे विणकर व मराठी बोली बोलणारे कोंकणी यांतील भेद बाहेरच्यांस दिसेनासा झाला.

(६) आतां संग्राहकांस एक विनंति. आदिलशाही कागद पुष्कळदां द्विभाषी असतात. वर फारसी, खालीं मोडी. काजी व खतीब यांच्या वतनांच्या सनदा, निकाहनामे, तांदुळाचे हिशेब हीं सर्व एकाच रुमालांत बांधलेलीं असूं शकतात. जुनें घर पाडलें कीं असा रुमाल फुटतो. शिक्क्याचा फारसी कागद एकाकडे जातो, मोडी दुसऱ्याकडे, आणि हिशेब रद्दींत. शिक्का पाहून कागद घेणाऱ्यास राजा सांपडतो. त्या राजाच्या अमलांत भात कोणीं सडलें व कोणीं पाण्यावर नेलें, हें हिशेबांतच असतें. म्हणून रुमाल फोडूं नये. तो मिळाला त्या घराची व गांवाची टीप त्यावर लिहावी, व घेतां आला नाहीं तर निदान क्रम न मोडतां त्याची नक्कल करून ठेवावी. भिवंडीचा इतिहास लिहिला जाईल तो अशा अखंड रुमालांतून. एकेकट्या शिक्क्यांतून नव्हे.