पाळी सुटल्यावरची लेन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेट्रॉइटचे कारखाने तिन्ही पाळ्यांत चालत आणि गावातले बोलिंग हॉलही त्यांच्याच घड्याळाप्रमाणे. पाळी सुटली की कामगार तडक लेनवर. संघ पाच जणांचा, वार आणि वेळ ठरलेली, एका बैठकीत तीन डाव. हा क्रम बहुधा सप्टेंबरपासून वसंतापर्यंत आठवड्यामागून आठवडे चाले. यालाच लीग म्हणत. शर्टाच्या पाठीवर कारखान्याचं, गॅरेजचं नाहीतर बिअर कंपनीचं नाव असे. डेट्रॉइटच्या स्ट्रोज बिअरचा संघ तर देशभर गाजला होता.

तेव्हा पडलेल्या पिना उभ्या करायला माणसंच असत, बहुतेक शाळकरी वयाची पोरं. साठ फूट लांबीच्या लेनच्या टोकाला खड्डा आणि त्याच्या वरच्या कठड्यावर पाय आखडून बसलेला पोरगा. सात किलोपर्यंतचा गोळा धडधडत आला की दहा पिना चौफेर उडत. त्या स्थिरावायच्या आत त्यानं खाली उतरायचं, गोळा उचलून उतरत्या पट्टीवरून खेळाडूकडे परत धाडायचा, पिना रचायच्या आणि पुढचा गोळा सुटण्याआधी पुन्हा वर चढायचं. नडगीवर पिन बसणं रोजचंच. पैसे मिळत ते डावामागे.

हे काम यंत्राकडे गेलं. गॉटफ्रीड श्मिट या अभियंत्याचं पिना रचणारं यंत्र एएमएफ कंपनीने १९५२ मध्ये बाजारात आणलं. सुरुवातीची यंत्रं बसली ती डेट्रॉइटजवळच्या माउंट क्लेमेन्समध्ये. पोरांवरचं अवलंबित्व संपलं आणि उपनगरांत प्रशस्त, वातानुकूलित हॉल धडाधड उभे राहू लागले.

या सुगीच्या काळाच्या आठवणी काढताना एक गोष्ट हमखास गाळली जाते. १८९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने १९१६ पासून सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं होतं. कारखान्यात एकाच साच्यावर राबणारे काळे आणि गोरे कामगार संध्याकाळी तिच्या मान्यतेच्या अधिकृत लीगमध्ये एकत्र खेळू शकत नव्हते. काळ्या खेळाडूंनी १९३९ मध्ये डेट्रॉइटमध्येच आपली वेगळी संघटना काढली. युद्धानंतर मोटार कामगारांच्या संघटनेने आघाडी उघडली, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५० साली तो नियम रद्द झाला. तरी दक्षिणेतले दरवाजे बंदच राहिले. साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्गमध्ये काळ्यांना प्रवेश नाकारणाऱ्या एका बोलिंग हॉलविरुद्ध विद्यार्थी उठले. ८ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री पोलिसांच्या गोळीबारात तीन तरुण मारले गेले. लीगचा गौरव करायचा तर तो या रक्ताची नोंद ठेवूनच करावा लागेल.

लीगला उतरण लागली ती पुढे. हार्वर्डचे रॉबर्ट पुटनम यांनी १९९५ मध्ये एका लेखात दाखवून दिलं की १९८० ते १९९३ या काळात बोलिंग खेळणारे १० टक्क्यांनी वाढले, पण लीगमधलं खेळणं ४० टक्क्यांनी घटलं. म्हणजे खेळ मेला नव्हता; ठरलेल्या वारी, ठरलेल्या मंडळींनी जमणं मेलं होतं. कारखाने बंद पडले, पाळ्यांचा मेळ जुळेना, नवरा-बायको दोघंही नोकरीला लागले, घरोघरी टीव्हीपुढे संध्याकाळ सरू लागली. दर बुधवारी सात वाजता हजर राहीन, असा तीस आठवड्यांचा शब्द द्यायला सवड कुणाला होती? फटका मालकांनाही बसला. लीगची मंडळी एकट्यादुकट्या गिऱ्हाइकांच्या तिप्पट बिअर आणि पिझ्झा फस्त करतात, असं पुटनम यांनीच नोंदवलं आहे.

लोक कुटुंबासह, मित्रांसह खेळतातच की, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. तो खराही आहे. पण आपण ज्यांना घेऊन जातो ती आपलीच माणसं असतात. लीग मात्र परक्याशी गाठ घालून देई. याच विषयावरच्या पुटनम यांच्या पुस्तकात मिशिगनमधल्या इप्सिलांटीची एक हकीकत आहे. ६४ वर्षांचे एक निवृत्त काळे गृहस्थ तीन वर्षं मूत्रपिंडाच्या प्रतीक्षेत होते. ३३ वर्षांच्या एका गोऱ्या हिशेबनीसाच्या ते कानावर आलं आणि त्यानं स्वतःचं मूत्रपिंड देऊ केलं. दोघांची ओळख केवळ बोलिंग लीगमधली. १९५० पूर्वीच्या नियमाने त्या लीगमध्ये ती झालीच नसती.

आता अमेरिकेतले बरेच हॉल मोठ्या साखळ्यांच्या हाती आहेत. एएमएफच्या हॉलची साखळी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बोलमोर कंपनीने घेतली. लेन तासाच्या भाड्याने मिळते. रंगीत दिवे, वाढदिवस आणि ऑफिसच्या पार्ट्यांवर धंदा चालतो. मुंबईकरांना बोलिंग ठाऊक झालं ते याच रूपात. गेल्या शतकाच्या अखेरीस लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंगचा हॉल निघाला. डेट्रॉइटमध्ये लेन भरत त्या कारखाना सुटल्यावर. परळमध्ये लेन आली तेव्हा १९८२ च्या गिरणी संपाने गिरणगावाची कंबर मोडून दीड दशक उलटलं होतं.