लार्देरेल्लोची वाफ

भूगर्भातल्या वाफेवर विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो इटलीतील तोस्काना प्रांतात, लार्देरेल्लो गावी, ४ जुलै १९०४ रोजी. पिएरो जिनोरी कॉन्ती या उमरावाने वाफेच्या छोट्या यंत्राला डायनॅमो जोडला आणि पाच दिवे उजळले. हा इतिहास बहुधा इथूनच सांगतात. मला तो सरपणापासून सांगावासा वाटतो.

गाव वसले बोरिक आम्लापायी. फ्रान्सवा द लार्देरेल या फ्रेंच उद्योजकाने १८१८ मध्ये इथल्या उकळत्या डबक्यांचे पाणी आटवून ते काढायला सुरुवात केली. भट्ट्यांना लाकूड लागे आणि भोवतालचे रान विरळ होत चालले. १८२७ मध्ये त्याने डबक्यावर विटांचा घुमट बांधून वाफ कोंडली आणि तिच्याच उष्णतेवर पाणी आटवले. सरपणाची गरज सरली. माझ्या मते खरा शोध हाच, दिवे नंतरचे.

वीज काढणे मात्र सोपे नव्हते. वाफेतल्या रसायनांनी यंत्रे गंजत. म्हणून १९१३ च्या २५० किलोवॉटच्या केंद्रात तिने नुसते शुद्ध पाणी तापवले आणि त्या पाण्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इथली केंद्रे उद्ध्वस्त केली. ती पुन्हा उभारली गेली.

या ऊर्जेला आपण सर्रास अक्षय म्हणतो. पण विहिरी वाढल्या तसा इथल्या वाफेचा दाब उतरत गेला. खडक तापलेलेच होते. त्यांतले पाणी कमी पडू लागले. अखेर वापरलेल्या वाफेचे पाणी पुन्हा जमिनीत सोडावे लागले.