शितावरून मताची परीक्षा

१९३४-३५ साली ब्रिटनमध्ये एक अचाट उद्योग झाला. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) समर्थकांनी सुमारे पाच लाख स्वयंसेवक उभे केले. त्यांनी दारोदार छापील प्रश्न वाटले आणि उत्तरे गोळा केली. ब्रिटनने राष्ट्रसंघात राहावे का? आक्रमण करणाऱ्या देशाची आर्थिक कोंडी करावी का? तब्बल १ कोटी १६ लाख लोकांनी कौल दिला. ‘पीस बॅलट’ या नावाने तो गाजला. पण प्रश्न काढणारे एकाच बाजूचे आणि उत्तरे देणारे आपखुशीने पुढे आलेले. म्हणून देशाचे मत कळले, असे छातीठोकपणे म्हणता येईना.

मग हेन्री ड्युरंट आले. अमेरिकेत जॉर्ज गॅलपने रुळवलेली पद्धत त्यांनी १९३७च्या सुमारास लंडनमध्ये सुरू केली. कोटी नकोत, एक-दोन हजार माणसे पुरेत. शितावरून भाताची परीक्षा. मात्र भात नीट ढवळलेला हवा. त्यासाठी प्रश्नकर्त्याला वाटा ठरवून दिलेला असे: इतके पुरुष, इतक्या बायका, इतके तरुण, इतके कामगार. त्या वाट्यात बसणारी नेमकी माणसे कोणती, हे तोच ठरवी. याउलट, संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांनी १९१२मध्ये रेडिंग शहरात ठरावीक अंतराने घरे निवडून कामगार कुटुंबांची पाहणी केली होती. त्या रीतीत विचारणाऱ्याच्या आवडीनिवडीला वाव नव्हता. माझ्या मते तीच रीत खरी. पण वाट्याचे काम स्वस्तात आणि झटपट होई, म्हणून तेच रूढ झाले.

१९३८च्या वेस्ट फुलहॅम पोटनिवडणुकीत मजूर पक्षाच्या एडिथ समरस्किल जिंकणार, हे ड्युरंट यांनी अचूक सांगितले आणि त्यांचा जम बसला. ‘न्यूज क्रॉनिकल’ हे दैनिक त्यांचे निष्कर्ष छापू लागले. तरी त्याच वर्षी हिटलरशी झालेल्या म्युनिक करारानंतर, त्याला आणखी भूमी नको आहे यावर बहुसंख्य लोकांचा विश्वास नाही, असे दिसले तेव्हा पत्राचे सूत्रधार सर वॉल्टर लेटन यांनी तो निष्कर्ष दाबून ठेवला. पंतप्रधान चेंबरलेन यांना मात्र तो खाजगीत कळवला. ज्यांचे मत होते, त्यांनाच ते वाचायला मिळाले नाही! या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त सलते ती ही गोष्ट.

१९४५च्या निवडणुकीत चाचणीवर कुणाचा विश्वास बसेना. मजूर पक्ष पुढे आहे, असे गॅलप चाचणी सांगत होती. पण युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरतील, हे फारसे कुणाला पटेना. निकाल लागला आणि चाचणी खरी ठरली.

पुढे फजितीही झाल्या. १९७०मध्ये बहुतेक चाचण्यांनी मजूर पक्षाला कौल दिला आणि हुजूर पक्षाचे हीथ निवडून आले. १९९२मध्ये पुन्हा तसेच घडले. चौकशीत वाट्यांची जुनाट गणितेही दोषी ठरली. २०१५च्या अपयशाच्या चौकशीचा निष्कर्षही तोच होता: निवडलेली माणसे सगळ्या मतदारांसारखी नव्हती.

निवडणुकीचे भाकीत हे या विद्येचे सर्वांत गाजणारे, पण सर्वांत मोलाचे काम नव्हे. १९८३पासून चालत आलेली ‘ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स’ ही पाहणी करभार, आरोग्यसेवा, विवाह, समलैंगिकता अशा विषयांवर लोकांना विचारत आली आहे. समाज हळूहळू कसा बदलतो, ते तिथे दिसते.

तेव्हा पुढचा टक्क्यांचा मथळा वाचाल, तेव्हा चार गोष्टी आवर्जून शोधा: पैसे कोणी दिले, प्रश्न नेमका काय होता, किती जणांना विचारले आणि ती माणसे कशी निवडली. २००४मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना ही माहिती जाहीर करावीच लागते.