मोळीचा वड

माणसाची प्रतिष्ठा पोटाच्या घेरावर मोजतात, तशी झाडाची बुंध्यावर. काटकुळ्या झाडाला कुणी पार बांधत नाही, तिथं पंचायत भरत नाही आणि तिथं उतरायचं भूतही आधी दोनदा विचार करतं. बुंधा कसा हवा, तर चार पोरांनी हात धरले तरी कवेत न येणारा.

बोन्सायवाल्यांची पंचाईत होते ती इथंच. झाड हवं दीड फुटाचं आणि बुंधा हवा पणजोबांच्या वयाचा! पण कुंडीत कोंडलेलं झाड जाड होत नाही. बुंधा भरतो पानांच्या जिवावर. त्यासाठी झाडाला जमिनीत मोकळं सोडून दहा-पंधरा वर्षं फोफावू द्यावं लागतं. एवढा धीर कुणाला असतो? मग माणसानं युक्ती काढली. एकच जाड झाड मिळत नसेल, तर बारीक पंधरा घ्या आणि बांधा मोळी!

युक्ती खरोखरच मोळीची आहे. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी यासाठी उत्तम. बोटाएवढी रोपं एकत्र उभी करायची, चिंधीनं किंवा पट्टीनं करकचून आवळायची आणि वाढू द्यायचं. जाडी वाढली की साली एकमेकींवर घासतात, दबतात, फाटतात. सालीखालचा जिवंत थर शेजाऱ्याच्या थराला भिडतो आणि पेशी एकमेकींत मिसळतात. पुढं सगळ्यांभोवती मिळून एकच लाकूड चढत जातं. मधूनमधून पट्टी मात्र सैल करायची, नाहीतर ती रुतते आणि प्रेमाचा फास होतो.

यात एक गोम आहे. बियांपासून आलेली रोपं म्हणजे चुलत भावंडं. एकाचं पान मोठं, दुसऱ्याची साल निराळी, तिसरा तर सगळा उजेड आपणच खाणार. दुबळा मधल्यामध्ये मरतो आणि मोळीला आतून कूज लागते. एकत्र कुटुंबात काढलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको. म्हणून जाणकार एकाच झाडाच्या फांद्या लावून रोपं करतात. सगळ्यांचा स्वभाव एक, त्यामुळे भांडण नाही.

आता हे सगळं जपान्यांचं म्हणून आपण तोंडात बोट घालतो. पण कुंडीतलं बुटकं झाड जपानला गेलं चीनमधून. चीनमधल्या इ.स. ७०६च्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात तबकातली झाडं हातात धरलेले सेवक दिसतात. आणि झाडाला झाड चिकटवायची हौस तर आपलीच जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अख्खा अध्याय घातला आहे. त्यात कलमाची पद्धत दिली आहे. झाडांच्या यादीत फणस, जांभूळ, डाळिंब यांच्याबरोबर केळही आहे! केळीच्या खोडात जुळायला तो थरच नसतो, त्यामुळे तिचं कलम साक्षात वराहमिहिर उतरला तरी व्हायचं नाही. पण मोठ्या माणसाच्या यादीत एखादं केळ चालून जातं.

पुढं सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमं बहराला आली. आपल्याकडच्या भेटकलमाचं नावच किती गोड! रोपाची कुंडी मचाणावर चढवून मोठ्या झाडाच्या फांदीपाशी न्यायची, दोघांची साल थोडी तासायची आणि जखमेला जखम लावून बांधायचं. काही आठवड्यांत दोन्ही जीव एक. लग्नाच्या मुहूर्तापेक्षा खात्रीचं काम!

आणि वडाला तर माणसाचीही गरज नाही. पारंब्या सोडायच्या, त्या जमिनीत रुजवायच्या, एकमेकींत मिसळायच्या आणि म्हणायचं, हा माझा बुंधा! कोलकात्याजवळ शिबपूरच्या बागेतल्या प्रसिद्ध वडाला बुरशी लागली, म्हणून १९२५ साली त्याचा मूळ बुंधाच काढून टाकला. झाड आजही उभं आहे, तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर. मूळपुरुष गेला, पण एकत्र कुटुंब चालू आहे.

म्हणूनच आमच्या बीडचा मला अभिमान वाटतो. फेब्रुवारी २०२०मध्ये बीडजवळ पालवणला सयाजी शिंदे आणि त्यांच्या सह्याद्री देवराईच्या मंडळींनी वृक्षसंमेलन भरवलं आणि अध्यक्ष केला एक वड. दोन दिवसांच्या संमेलनात ज्यांच्यावरून वाद झाला नाही आणि ज्यांचं भाषण लांबलं नाही, असे अध्यक्ष मराठी मुलखाला दुर्मीळच.

तसं पाहिलं तर मोळी बांधण्यात बीडचा हात कोण धरणार? दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', अशी त्यांची मोजणी. दोन जिवांचा एक बुंधा मुकादमाच्या वहीत असा बसल्या जागी तयार होतो, साल घासायचीही गरज नाही. उसाच्याच वाढ्याला पीळ देऊन ही माणसं दिवसभर मोळ्या बांधतात. पण ती मोळी कधी जुळायची नाही. ती बांधली की ट्रकवर चढते.

बोन्सायची मोळी जुळते, कारण ती बांधल्यावर कुणीतरी तिथंच राहतं. पाणी घालतं, पट्टी सैल करतं, दोन वर्षं वाट पाहतं. पावसाळ्यात समारंभानं लावलेलं रोप जगतं की वाळतं, हे दिवाळी ते पाडवा या महिन्यांत ठरतं आणि नेमकं तेव्हाच आमच्या कित्येक वाड्यावस्त्यांवर दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी. तिची घागर आधी स्वतःसाठी की रोपासाठी, हे तुम्हीच सांगा.

बांधणं कुणालाही येतं. जुळणं मात्र थांबणाऱ्यांनाच जमतं. बीडला बुंधे जाड हवे असतील, तर आधी माणसं थांबतील एवढं पाणी हवं.